चित्राची ओळ आणि ओळीचे चित्र



वसंतातल्या संध्याकाळी इतिहासावर, काव्यावर किंवा संतवाङ्मयावर व्याख्यान ऐकावयास मिळावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज एका रूक्ष दिसणाऱ्या विषयावर बोलणार आहे. गणकयंत्राच्या पोटात चित्र कसे साठवितात, ते एका ओळीला कसे लावतात, आणि त्या ओळीतून पुन्हा चित्र कसे उभे करतात, एवढाच माझा विषय. तो रूक्ष खरा. पण त्याचा संबंध भाटघरच्या पाण्याशी येतो. आणि भाटघरच्या पाण्याशी ज्याचा संबंध आला त्याचा भोरपासून बारामती-फलटणपर्यंतच्या प्रत्येक चुलीशी संबंध आला, हे ह्या सभागृहात वेगळे सांगावयास नको.

प्रथम चित्र म्हणजे काय ते पाहू. गणकयंत्राला रंग दिसत नाहीत; त्याला आकडे समजतात. म्हणून चित्रावर बारीक चौकोनांचे जाळे टाकावयाचे आणि प्रत्येक चौकोनात उजेड किती, हे आकड्याने लिहावयाचे. ह्या एकेका चौकोनाला आपण ठिपका म्हणू. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श ह्या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र अशा रीतीने यंत्रात घातले. गणकयंत्राने टिपलेले हे पहिले छायाचित्र समजतात. त्यात १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढीच नोंद.

आता आजचे एक चित्र घ्या. युरोपातील राष्ट्रांनी २०१५ साली सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्याच्या सर्वांत बारीक चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोनाचा असतो. एका पूर्ण चित्रात १०,९८० ओळी आणि तितकेच स्तंभ. पण हा उपग्रह केवळ उजेड मोजून थांबत नाही. निळा, हिरवा आणि तांबडा हे तीन प्रकाश तो वेगवेगळे मोजतो. शिवाय आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडला, अवरक्त प्रकाशही मोजतो. त्याच्याजवळ एकूण तेरा प्रकारचे प्रकाश मोजण्याची सोय आहे, त्यांपैकी हे चार दहा मीटरच्या बारकाईने मिळतात. म्हणजे एकाच भूभागाची चार चित्रे एकावर एक रचलेली, जणू चार थरांची गोधडी. ओळ, स्तंभ आणि थर अशा तीन दिशा झाल्या. निरनिराळ्या तारखांची चित्रे एकत्र ठेवली की तारीख ही चौथी दिशा होते. अशा अनेक दिशांच्या आकड्यांच्या रचनेला यंत्रवाले 'ॲरे' म्हणतात.

येथे अडचण उभी राहते. रचनेला दिशा तीन असोत की चार, यंत्राच्या स्मृतीला दिशा एकच असते. स्मृती म्हणजे एका रस्त्यावरची ओळीने बांधलेली घरे. प्रत्येक घराला क्रमांक, आणि एका घरानंतर पुढचे घर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक ह्या यंत्रात अशी २,०४८ घरे होती. आज खिशातल्या दूरध्वनीत ती अब्जावधी असतात. संख्या वाढली, पण रस्ता एकच राहिला. म्हणून चौकोनी चित्राला ह्या रस्त्यावर आणून बसवावयाचे तर ते ओळीला लावणे भाग पडते. पायथन भाषेच्या 'नमपाय' ह्या ग्रंथालयात ह्या क्रियेला 'फ्लॅटन' असे नाव आहे. शब्दशः त्याचा अर्थ सपाट करणे. पण चित्र मुळातच सपाट. त्याला आणखी सपाट काय करावयाचे? त्याच ग्रंथालयात दुसरे नाव आहे 'रॅव्हल', म्हणजे उसवणे. हे नाव मला अधिक गोड वाटते. विणलेला स्वेटर उसवला की हाती एक लांब धागा येतो. लोकर तितकीच असते, एक टाकाही हरवत नाही. फक्त कोणता टाका कोणाच्या खाली होता, हे धाग्याकडे पाहून सांगता येत नाही.

हे हिशेबाने समजून घेण्यासाठी ह्या मंडपाचाच दृष्टांत घेऊ. येथे खुर्च्यांच्या बारा रांगा आणि प्रत्येक रांगेत वीस खुर्च्या आहेत असे समजा. व्याख्यान संपले आणि दार एकच आहे, तेव्हा सर्वांनी एकेकट्याने बाहेर पडावयाचे. शिस्त अशी की पहिली रांग पूर्ण जाईल, मग दुसरी, मग तिसरी. एका गृहस्थांच्या पुढे तीन रांगा आहेत आणि त्यांच्या रांगेत त्यांच्या आधी पाच खुर्च्या आहेत. त्यांच्या आधी किती माणसे बाहेर पडतील? तीन रांगांची तीन गुणिले वीस, म्हणजे साठ, आणि रांगेतली पाच, एकूण पासष्ट. हाच त्यांचा ओळीतला क्रमांक. यंत्रवाले शून्यापासून का मोजतात असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर येथे आहे: ते 'मी कितवा' असे विचारीत नाहीत, 'माझ्या आधी किती गेले' असे विचारतात.

उलट दिशेनेही जाता येते. पासष्टला विसांनी भागा. भागाकार तीन, बाकी पाच. भागाकार म्हणजे रांग, बाकी म्हणजे खुर्ची. ओळीतून चित्र परत मिळविण्याचे सारे रहस्य ह्या चौथीच्या गणितात आहे. मात्र त्यासाठी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. रांगेत खुर्च्या वीस होत्या, हे. ते कागद हरवला तर दोनशे चाळीस माणसांची ओळ हाती राहील, पण मंडप बारा गुणिले वीसचा होता, की पंधरा गुणिले सोळाचा, हे कोणी सांगू शकणार नाही.

दुसरीही शिस्त शक्य आहे. रांगांनी न जाता उभ्या स्तंभांनी जावयाचे; म्हणजे प्रत्येक रांगेतील पहिल्या खुर्चीवरचे बारा जण आधी, मग दुसऱ्या खुर्चीवरचे बारा. आता आपल्या त्या गृहस्थांच्या आधी पाच स्तंभांचे साठ आणि त्यांच्या स्तंभातले तीन, म्हणजे त्रेसष्ट जण जातील. दोन्ही शिस्ती निर्दोष आहेत. १९५७ साली जॉन बॅकस ह्यांच्या मंडळींनी तयार केलेली फोरट्रान भाषा स्तंभांनी चालते. डेनिस रिची ह्यांची १९७२ च्या सुमाराची 'सी' भाषा रांगांनी चालते. मॅटलॅब फोरट्रानच्या वाटेने गेली. नमपाय सांगितले नाही तर 'सी'च्या वाटेने जाते आणि सांगितले तर फोरट्रानच्याही.

दोष निर्माण होतो तो एका शिस्तीने उसवून दुसऱ्या शिस्तीने विणण्यात. आपल्या गृहस्थांना रांगांच्या शिस्तीने पासष्ट हा क्रमांक मिळाला आणि शेजारच्या तेवढ्याच मंडपात स्तंभांच्या शिस्तीने बसविले, तर काय होईल? पासष्ट भागिले बारा. भागाकार पाच, बाकी पाच. ते पाच रांगा सोडून जाऊन बसतील. त्यांच्या बरोबर मागे बसलेल्या गृहिणींचा क्रमांक होता पंच्याऐंशी. त्याला बारांनी भागले की भागाकार सात आणि बाकी एक. म्हणजे त्या दुसऱ्याच रांगेत जाऊन बसतील. जे एकामागे एक होते, त्यांतील मागचे माणूस चार रांगा पुढे गेले. एकही माणूस हरवले नाही, एकही खुर्ची रिकामी नाही, आणि तरीही सभा ओळखू येत नाही!

आता तिसरी दिशा घेऊ, म्हणजे प्रकाशाचे थर. उपग्रहाची चित्रे ओळीला लावण्याच्या तीन पद्धती फार वर्षांपासून चालत आल्या आहेत. पहिलीत निळा थर संपूर्ण, मग हिरवा संपूर्ण, मग तांबडा, मग अवरक्त. दुसरीत चित्राची एक ओळ निळी, तीच ओळ हिरवी, तीच तांबडी, तीच अवरक्त, आणि मग पुढची ओळ. तिसरीत एका ठिपक्याचे चारही आकडे लागोपाठ आणि मग पुढचा ठिपका. एकाच थरावर काम करावयाचे असेल तर पहिली सोयीची. एका जागेविषयी सर्व माहिती हवी असेल तर तिसरी. दुसरी दोहोंच्या मधली.

पाणी कोठे आहे हे शोधण्यासाठी एका जागेविषयीची माहिती एकत्र लागते. पाणी अवरक्त प्रकाश बहुतेक सारा गिळून टाकते आणि हिरवा प्रकाश थोडा परत पाठविते. हिरवे पान उलट वागते. ते अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठविते. म्हणून हिरव्या आकड्यातून अवरक्त आकडा वजा करावा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागावे. उत्तर शून्याहून अधिक आले तर बहुधा पाणी, उणे आले तर बहुधा जमीन. मॅकफीटर्स ह्या संशोधकाने १९९६ साली सुचविलेले हे गणित आज जगभर वापरात आहे.

एक लहानसा हिशेब करून पाहू. चार जागा घ्या: पहिल्या दोन धरणाच्या पाण्यातल्या, पुढच्या दोन डोंगरावरच्या झाडीतल्या. हिरवे आकडे ६, ५, ९, ८ आणि अवरक्त आकडे १, १, ३०, २८. पहिल्या जागेची जोडी ६ आणि १. वजाबाकी पाच, बेरीज सात, उत्तर शून्याच्या वर. पाणी! तिसऱ्या जागेची जोडी ९ आणि ३०. वजाबाकी उणे एकवीस. जमीन! सर्व ठीक.

पण हे आकडे पहिल्या पद्धतीने ओळीला लागलेले आहेत: ६, ५, ९, ८, १, १, ३०, २८. कोणी घाईने यंत्राला आज्ञा दिली की 'ह्यांच्या दोन-दोनच्या जोड्या कर', तर यंत्र कोणत्या जोड्या करील? ६ आणि ५. ९ आणि ८. १ आणि १. ३० आणि २८. हिरव्याची जोडी हिरव्याशी आणि अवरक्ताची अवरक्ताशी लागली. आता गणित करा. पहिली जोडी शून्याच्या वर, दुसरी वर, तिसरी शून्य, चौथी वर. म्हणजे चौथी जागा, जी डोंगरमाथ्यावरची झाडी आहे, ती पाण्यात गेली! आणि यंत्र तक्रार करणार नाही, कारण आकडे आठ होते आणि जोड्या चार झाल्या. संख्या जुळली की यंत्राचे समाधान होते.

ही चूक मी पुस्तकात वाचलेली नाही. माझ्या हातून झालेली आहे. भाटघरचे धरण, भोर शहर आणि जलाशयाचा काही भाग एवढा बारा किलोमीटरचा चौकोन मी चित्रातून कापून घेतला होता. १,२०० ओळी, १,२०० स्तंभ, चार थर. चारही थर वेगवेगळ्या फायलींत येतात, ते मी एकावर एक रचले. साहजिकच थर ही पहिली दिशा झाली. नंतर 'चार-चार आकड्यांचा एक ठिपका कर' अशी आज्ञा दिली आणि चित्र पडद्यावर पाहिले. एका भाटघरच्या जागी सोळा भाटघर! चार उभे, चार आडवे, सर्व राखाडी आणि सर्व चिमुकले. लागोपाठचे चार ठिपके मिळून एक झाला होता, म्हणून प्रत्येक ओळ चौथाईने आखडली आणि चार ओळी शेजारी-शेजारी बसल्या. आणि थर चार असल्यामुळे हा प्रकार चार वेळा घडला. क्षणभर मी हसलो. मग मनात आले, मी चित्र पाहिले म्हणून बरे. चित्र न पाहता नुसती पाण्याच्या क्षेत्राची बेरीज मागितली असती, तर यंत्राने तितक्याच गांभीर्याने एक आकडा दिला असता, आणि तो मी कदाचित कोणाला सांगितलाही असता.

उपाय सोपा आहे. जोड्या करण्याआधी थराची दिशा शेवटी न्यावी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे चारही आकडे जवळ येतात. मगच ओळीला लावावे. 'दिशा बदलणे' आणि 'आकार बदलणे' ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीत आकड्यांचा क्रम बदलतो; दुसरीत क्रम तोच राहून फक्त रांगा पाडण्याची जागा बदलते. दुसरीने पहिलीचे काम करवून घेऊ पाहणे हे ह्या क्षेत्रातल्या निम्म्या दुःखांचे मूळ आहे असे मला वाटते. आणि कोणताही मोठा हिशेब करण्यापूर्वी ज्याचे उत्तर डोळ्यांनी ठाऊक आहे अशी एक जागा तपासावी. चित्र ओळीला लावावे, ओळीतून परत चित्र करावे, आणि धरणाची भिंत आपल्या जागी उभी आहे ना, हे पाहावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. 'फ्लॅटन' केल्यावर यंत्र सर्व आकड्यांची नवी नक्कल करते. 'रॅव्हल' शक्य असेल तर नक्कल करीत नाही. जुन्याच आकड्यांकडे ओळीच्या नजरेने पाहू देते. नक्कल सुरक्षित, पण खर्चिक. आपल्या त्या पूर्ण चित्रात एका थराचे बारा कोटींहून अधिक ठिपके आहेत; चार थरांचे आकडे अठ्ठेचाळीस कोटींवर जातात. त्यांची विनाकारण नक्कल करणे म्हणजे दफ्तरातला एक उतारा हवा असताना सारे दफ्तर उतरवून काढण्यासारखे आहे. उलट 'रॅव्हल'मध्ये धोका असा की ओळीतला आकडा खोडला तर मूळ चित्रातलाही खोडला जातो. मूळ कागदावर लिहीत आहोत की नकलेवर, हे कारकुनाने विसरू नये, तसेच हे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, सर्व शिस्त पाळली, क्रम चुकला नाही, तरीही ओळीला लावताना काही हरवते का? आकडा एकही हरवत नाही, हे आपण पाहिले. पण आपल्या खरेदीखतात जमिनीचे वर्णन कसे असते ते आठवा. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याचे खाचर. ही चतुःसीमा. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यालाही अशी चतुःसीमा असते. ओळीत लागल्यावर मात्र त्याला दोनच शेजारी उरतात, पुढचा आणि मागचा. दक्षिणेचा शेजारी एका थरात १०,९८० घरे दूर गेलेला असतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. शेजार मात्र गावच्या नकाशावरच दिसतो. ओळ हा सातबारा आहे, नकाशा नव्हे.

शेजार हरवल्याने काय बिघडते? हिवाळ्यात सकाळच्या वेळी राजगड, तोरणा, रायरेश्वर ह्यांच्या कड्यांची सावली दरीत पडलेली असते. सावलीचा काळोखी ठिपका पाण्याच्या ठिपक्यासारखा दिसू शकतो, आणि एकेकटा ठिपका तपासणारे गणित त्याला पाणी म्हणून मोकळे होते. माणूस चित्र पाहून चुकत नाही, कारण तो शेजार पाहतो. वर उजळलेला कडा आहे, खाली उतार आहे. येथे तळे कोठून असणार? म्हणून चित्रे ओळखण्यास शिकणाऱ्या अलीकडच्या यंत्ररचना चित्राला लगेच ओळीला लावीत नाहीत. यान लकून ह्यांनी १९८९ पासून हस्ताक्षरातले अंक ओळखण्यासाठी अशी रचना विकसित केली. त्यात एक लहान खिडकी चित्रावरून सरकत जाते, शेजाऱ्यांसह पाहते आणि कडा, वळणे, कोपरे टिपून घेते. हे सारे झाल्यावर अखेरीस निर्णय देताना ओळ केली जाते. २८ ओळी आणि २८ स्तंभांचा हस्तलिखित अंक आरंभीच ७८४ आकड्यांच्या ओळीत टाकला तरी काही अंक ओळखता येतात. पण तोच अंक थोडा बाजूला सरकला की ओळीतले सारे आकडे जागा बदलतात आणि यंत्र गोंधळते. ओळीला लावणे हा दोष नाही. ते केव्हा करावयाचे, ह्यात शहाणपण आहे. आधी शेजार वाचावा, मग ओळ करावी.

शेवटी भाटघरकडे परत येऊ. येळवंडी नदीवरचे हे धरण १९२७ साली पुरे झाले. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. ते नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्याने फलटण-माळशिरसकडे जाते. वेळवंड खोऱ्यात कांबऱ्याजवळचे एक जुने शिवमंदिर वर्षाचे बरेच महिने ह्या पाण्याखाली असते. उन्हाळ्यात धरण उतरले की ते वर येते, आणि आसपासची माणसे दर्शनास जातात. आपल्यापैकी कित्येक गेले असतील.

त्या मंदिराची जागा उपग्रहाच्या चित्रात मोजक्या ठिपक्यांत मावते. त्यांतला एक ठिपका धरा आणि चौथ्या दिशेने, म्हणजे तारखांच्या दिशेने, त्याचे आकडे ओळीला लावा. पावसाळ्यात ढगांमुळे जागा रिकाम्या राहतील. पुढे पाणी, पाणी, पाणी. आणि मग उन्हाळ्यातल्या कोणत्यातरी तारखेला उत्तर शून्याच्या खाली जाईल. त्या दिवशी दगड उघडा पडला. ही ओळ दरवर्षीची लिहून ठेवली, तर धरण कोणत्या साली लवकर उतरले आणि कोणत्या साली उशिरा, हे ती सांगेल. येथे ओळ हेच खरे चित्र आहे, कारण आपला प्रश्न काळाविषयीचा आहे. आणि पाणी कोठवर पसरले होते असा प्रश्न असेल, तर ओळ मोडून पुन्हा नकाशा केला पाहिजे.

म्हणून यंत्राकडून आलेला पाण्याचा, पिकाचा किंवा जंगलाचा आकडा उद्या आपल्या पुढ्यात ठेवला गेला, तर विचारण्यासारखे प्रश्न थोडे आणि सोपे आहेत. हे आकडे कोणत्या क्रमाने ओळीला लावले? त्याच क्रमाने परत चित्र केले का? आणि ते चित्र, ज्याने ती जागा पाहिली आहे अशा एका तरी माणसाने, डोळ्यांनी पाहिले का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास ह्या मंडपातले कोणीही पात्र आहे. भाटघर एकच आहे, सोळा नाहीत, हे सांगण्यासाठी गणकयंत्र लागत नाही.

 आता दाराशी गर्दी न करता रांगेने बाहेर पडावे. कोणत्या शिस्तीने, ते मी आपल्यावर सोपवितो.